ओली जागा उबदार लागते

लेओबार्दो बोहोर्केसला मूठमाती दिली त्या दिवशी चर्चमध्ये आंपारो सेलायाबाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आपल्या वस्तीत पस्तीस पावसाळे आले नि गेले. पण मिस्त्रींचा हात फिरलेलं एक छप्पर गळलं असेल तर मला दाखवा." आंपारोबाई शाळेतून निवृत्त झालेल्या. अर्धी वस्ती त्यांच्या छडीखालून गेलेली. त्या बोलायला लागल्या की पन्नाशीचे बाप्येसुद्धा अजून बाकावर ताठ बसतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या बाकावर मिस्त्रींचा मुलगा हिल्दार्दो ओक्साबोक्शी रडत होता आणि त्याच्या शेजारी त्याची आई एदुविहेस काळ्या कपड्यांत गप्प बसून होती. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. मागच्या बायका एकमेकींना म्हणाल्या, धक्का बसलाय बिचारीला.

धक्का कसला डोंबलाचा! ती दातओठ खात बसली होती. त्या पस्तीस पावसाळ्यांत लेओबार्दो एकदाही कुणाच्या छपरावर चढला नव्हता. चढत होती ती.

झालं होतं असं. लग्नाच्या चौथ्या वर्षी लेओबार्दो एका लॉन्ड्रीच्या छपरावरून खाली आला, तो थेट मळक्या चादरींच्या ढिगावर. खरचटण्यापलीकडे काही लागलं नाही. पण त्यानंतर शिडीच्या तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला की त्याचे पाय लटलट कापायचे, तोंडाला कोरड पडायची. आठवडाभर त्यानं सोंगं केली. आज पाठ धरलीय, आज पोटात मुरडा आहे. शेवटी एका पहाटे एका विधवेच्या अंगणात शिडी लावून तो बायकोकडे बघत उभा राहिला, आणि एदुविहेसनं झगा कमरेला खोचला. हिल्दार्दो तेव्हा पाच महिन्यांचा होता. त्याला तिनं आपल्या आईकडे झोपवलं होतं, गल्लीच्या त्या टोकाला.

"एवढ्या आठवड्यापुरतंच हं," लेओबार्दो म्हणाला होता.

वाळवंटातल्या टूसॉन शहरात उन्हाळ्यात छपराचं काम पहाटेच करतात. दहानंतर वर पाय ठेवला तर लेप मऊ होतो, बुटाचा ठसा उमटतो, आणि त्या ठशातूनच पुढे भेग जाते. म्हणून हे दोघं चारला निघायचे, गिऱ्हाईक साखरझोपेत असायचं. गिऱ्हाईक उठून कॉफीचा पेला घेऊन अंगणात येईस्तोवर एदुविहेसचं वरचं बरंचसं काम उरकलेलं असायचं आणि ती बादल्या धुवत असायची. लेओबार्दो पाण्याची नळी हातात धरून उभा. हॅटच्या काठाला आणि बाहीला त्यानं स्वतःच्या बोटानं पांढऱ्या रंगाचे दोन ठिपके लावून घेतलेले असायचे. हे तिनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला हसू आलं होतं. पुढे येईनासं झालं.

आणि बोलायचा काय! पन्हळीचं तोंड कसं असावं, कठड्याच्या कोपऱ्यात पाणी कसं दबा धरून बसतं, छपरावरच्या कूलरच्या पायाखाली का बघायला हवं, असं रंगवून सांगायचा की माणसाचा घास हातात राहावा. हे सगळं त्याला आदल्या रात्री जेवताना कुणी सांगितलं, ते कोण विचारतंय? "आणि ही आमची मंडळी," तो तिच्याकडे बोट दाखवायचा, "माझ्या बादल्या वाहते. माझ्याविना करमत नाही तिला." गिऱ्हाईक हसायचं. तीही हसायची. त्यानं तिच्यावर कधी हात उगारला नाही, कधी उपाशी ठेवलं नाही, परत येताना रोज गाडीवरचा बर्फाचा गोळा घेऊन द्यायचा. चिंचेचा. अशा माणसाचा राग कसा करायचा हे तिला बरीच वर्षं जमलं नाही.

आता या वस्तीची एक खोड सांगायला हवी. इथे वर्षातले नऊ-दहा महिने आभाळ कोरडं ठाक. आपलं छप्पर गळतं हे लोक साफ विसरून जातात. मग जून लागला, दुपारी दक्षिणेकडे ढग डोकं वर काढायला लागले, की सगळ्यांना एकदम कंठ फुटतो. चोवीस जूनला सान हुआनचा सण, त्याच्या आत छप्पर व्हायला हवं! धावत जायचं, पांढऱ्या रंगाची बादली आणायची आणि आहे त्याच्यावर फासायची. खाली भेग असो, फुगा असो, कबुतरांची घाण असो, वरून पांढरा हात. गेल्या वर्षी आत शिरलेलं पाणी मग जाणार कुठे? ते सपाट छपराच्या लेपाखालच्या फोमच्या थरात कोंडून बसतं आणि खालच्या फळ्या कुजवत राहतं. मालक मात्र रस्त्यावर उभा राहून सांगतो, बघा कसं चकाकतंय. अशी दहा-दहा पुटं चढलेली छपरं आहेत इथे. वरून नवी नवरी आणि आत सगळा चिखल.

एदुविहेसला ही अक्कल आली ती एका भलत्याच कारणानं. सुरुवातीला ती लेओबार्दोचे बूट घालून चढायची. ते ढगळ बूट पायातून निसटायचे, म्हणून एका पहाटे तिनं ते काढून ठेवले आणि अनवाणी चालायला लागली. छप्पर रात्रभरात छान निवलेलं होतं. चालता चालता एका ठिकाणी तळव्याला ऊब लागली. मांजर नुकतंच उठून गेलेल्या उशीसारखी. मांजर तर नव्हतं. तिनं तिथे सुरीनं कापून पाहिलं, तर आतून पाणी आलं. कोरडी जागा पहाटेपर्यंत थंड होते. ओली जागा आदल्या दिवसाचं ऊन पोटात धरून बसते. हे तिला कुणी शिकवलं नाही, कुठे वाचायला मिळालं नाही. त्या दिवसापासून उजाडायच्या आत अख्खं छप्पर पायाखालून घातल्याशिवाय तिनं रंगाच्या बादलीचं झाकण उघडलं नाही. ऊब लागली की कापायचं, ओलं काढायचं, दिवसभर वाळू द्यायचं, दुसऱ्या दिवशी भरायचं. पांढरा हात सगळ्यात शेवटी.

म्हणून गळत नव्हती छपरं.

हिल्दार्दो सात-आठ वर्षांचा झाला तेव्हा ती एकदा नवऱ्याला म्हणाली होती, "पोराला सांगूया का आता? त्याला वाटतं तू वर जातोस."

लेओबार्दोचा चेहरा असा पडला की तिलाच अपराधी वाटलं. "वाटू दे ना ग," तो म्हणाला. "पोराला बाप वर दिसायला हवा. बापच जर शिडी धरून उभा राहतो म्हटल्यावर ते पोर कुणाकडे बघेल? मोठा झाला की सांगू."

हे तिनं मान्य केलं. आयुष्यात एवढी एकच चूक केली, असं ती पुढे स्वतःशी म्हणायची. वस्तीला काय वाटतं याची तिला फिकीर नव्हती. वस्ती गेली खड्ड्यात. पण हिल्दार्दोला कळायला हवं होतं. त्यानं एकदा तिच्याकडे बघून म्हणायला हवं होतं की अमा, हे सगळं तू केलंस? एवढ्या एका वाक्यावर तिनं पस्तीस वर्षं काढली. पोर लहान आहे म्हणून थांबली, मग त्याचं लग्न व्हायचंय म्हणून, मग बापाचं हृदय नाजूक झालंय म्हणून. आणि बाप फेब्रुवारीत सुटला तो सगळी छपरं आपल्या नावावर घेऊन.

हिल्दार्दो बरीच वर्षं एका बेकरीची गाडी चालवायचा. बापाचं दुखणं वाढलं तसा दोन वर्षांपूर्वी तो धंद्यात आला. जुनी गिऱ्हाइकं त्याही दोन उन्हाळ्यांत एदुविहेसच सांभाळत होती, बाप गाडीत बसून. मुलानं नवी गिऱ्हाइकं धरली. रंग फवारायचं यंत्र घेतलं, सीमेपलीकडचे दोन गडी ठेवले, आणि स्वतः खाली उभा राहून गिऱ्हाइकांशी बोलायला लागला. बोलणं बापाचंच, अगदी हातवाऱ्यांसकट. बाप गेल्यावर त्यानं ट्रकवर नवी अक्षरं रंगवून घेतली: 'लेओबार्दो बोहोर्केस आणि पुत्र'. एदुविहेसनं ती अंगणात उभी राहून दोनदा वाचली आणि आत जाऊन कणीक मळायला घेतली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तो जेवता जेवता म्हणाला, "उद्या आंपारोबाईंचं छप्पर उरकतो."

"चालून बघितलंस?"

"गडी बघतात ना."

"गडी बूट घालून चालतात. बुटाला काय कळतंय?"

"अमा, यंत्र आहे आता. दिवसाला तीन छपरं होतात. आधी धूळ झाडतात, मग फवारतात. अपांच्या काळातलं काय सांगतेस?"

"बाईंच्या कूलरखाली दरवर्षी पाणी झिरपतं. तिथे बघ. मागच्या साली मी..." ती थांबली. "तुझ्या अपांनी मागच्या साली तिथे ठिगळ लावलंय."

"बघतो ग," तो म्हणाला आणि आणखी एक पोळी ओढून घेतली. मक्याची नव्हे, गव्हाची. मोठी, पातळ, तिच्या हातची. बघितलं कुणी नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंचं छप्पर रस्त्यावरून डोळे दिपवत होतं.

यंदा पाऊस सणाची वाट बघत बसला नाही. सान हुआनला नऊ दिवस असतानाच एका दुपारी धुळीची भिंत आली, दिवसाढवळ्या दिवे लावावे लागले, आणि मागोमाग वीस मिनिटं असं धो धो ओतलं की रस्त्यावरून पाणी घोटाभर वाहिलं. वीस मिनिटांनी पुन्हा ऊन. आंपारोबाईंच्या पलंगाच्या वर छताला ताटाएवढा तपकिरी डाग आला आणि त्यातून ठिबकायला लागलं, ते नेमकं त्यांच्या उशीवर.

बाई काही उशी वाळत घालून गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हेत. संध्याकाळपर्यंत किराणावाल्यापासून फादर आन्सेल्मोंपर्यंत सगळ्यांना खबर होती. "मिस्त्री असते तर हे झालं असतं का?" बाई विचारायच्या आणि समोरचा छातीवर क्रूसाची खूण करायचा. चर्चच्या सभागृहाचं छप्पर यंदा हिल्दार्दोला द्यायचं ठरत आलं होतं. फादर म्हणाले, जरा थांबू या.

हिल्दार्दो घरी आला आणि टेबलावर डोकं टेकून बसला. "संपलं अमा. अपांचं नाव घालवलं मी चार महिन्यांत."

एदुविहेसला त्याची दया आली, आणि खरं सांगायचं तर मनात कुठेतरी उकळ्याही फुटल्या. हीच ती वेळ. तिनं हात पुसले, त्याच्या समोर बसली. "उद्या पहाटे चारला मला बाईंकडे घेऊन चल. गडी नकोत. आणि तू माझ्याबरोबर वर यायचंस."

"मी?"

"मग कोण? खाली शिडी धरून उभं राहणारा एक होता घरात, तो गेला."

यावर त्यानं काही विचारायला हवं होतं. त्यानं मान खाली घातली आणि "बरं" म्हणाला. तिला त्या घाईत ते खटकलं नाही.

पहाटे अंगणात कुत्रंसुद्धा उठलं नव्हतं. एदुविहेस एकसष्ट वर्षांची, गुडघे करकरतात, पण शिडी चढली ती न थांबता. कठड्यावरून आत उतरली, बूट काढून कोपऱ्यात ठेवले. मागून हिल्दार्दो धापा टाकत आला आणि कठड्याला घट्ट धरून उभा राहिला. बापाचे पाय मिळाले होते त्यालाही.

"तिथेच थांब. बघ नुसता."

ती चालायला लागली. कठड्याच्या कडेनं सुरुवात, मग एकेक पाऊल आत, टाच आणि बोटं दोन्ही टेकवत. नांगरल्यासारखी सरळ रेघ, परत फिरून दुसरी रेघ. छप्पर गारढोण होतं. पलंगाच्या बरोबर वर ती आली, तिथेही गार. ती थांबली नाही. पाणी जिथे ठिबकतं तिथे कधीच शिरलेलं नसतं, हे तिला पाठ होतं. बारा पावलं पलीकडे कूलर. त्याच्या पायापासून हातभर अलीकडे डाव्या तळव्याला ऊब लागली. तिनं दुसरा पाय टेकवला. मग गुडघ्यावर बसून पालथा हात ठेवला. ताज्या भाकरीवर ठेवावा तसा.

"ये इकडे. बूट काढ. ये, पडत नाहीस."

तो आला. बिचकत बिचकत, पण आला. तिनं त्याचा पाय धरून त्या जागी ठेवला, मग हातभर बाजूला ठेवला, पुन्हा त्या जागी. "कळलं?"

"ऊब आहे."

"पाणी आहे आत. आता बघ." तिनं सुरी काढली, चौकोन कापला, वरचा पांढरा पापुद्रा उचलला. खालचा फोम गच्च भिजलेला. बोटानं दाबला तर पाणी तिच्या मनगटावर ओघळलं. पूर्वेला नुकतं तांबडं फुटत होतं, त्यात तिला मुलाचा चेहरा दिसत होता, आणि तिची छाती धडधडत होती. लग्नात धडधडली नव्हती इतकी. "हे असं करतात," ती म्हणाली. "पस्तीस वर्षं हे असं केलं. तुझ्या बापानं नव्हे, हिल्दार्दो. तुझा बाप तू पाच महिन्यांचा होतास तेव्हापासून शिडी चढला नाही. वस्तीतलं एकेक छप्पर मी केलंय. मी."

हिल्दार्दोनं त्या भोकाकडे पाहिलं, मग अंगणाकडे. "हळू बोल ना अमा," तो म्हणाला. "बाई उठतील."

तिला वाटलं त्याला नीट ऐकू आलं नाही. "मी काय म्हणतेय..."

"माहितीय ग मला."

"काय माहितीय?"

"हेच. तू जायचीस वर ते." तो वैतागलेल्या आवाजात बोलत होता, नेहमीच्या घरगुती वैतागानं. "सहा-सात वर्षांचा होतो मी. दुपारी तू झोपायचीस तेव्हा तुझ्या टाचा पांढऱ्या असायच्या. घासून घासून रंग जायचा नाही. अपांचे पाय स्वच्छ. एवढं न कळायला मी काय वेडा होतो?"

एदुविहेस गुडघ्यांवरून उठली नाही. "मग बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? अपांना वाईट वाटलं असतं. तू पण कधी काही म्हणाली नाहीस. मला वाटलं, तुम्हा दोघांचं ठरलेलं आहे. अमा, आपल्याला फोन येतात ते अपांच्या नावावर. बाईच्या नावावर छप्पर कोण देतंय? आता तू आहेस ना, सांग पुढे काय करायचं. मी गड्यांना सांगतो, अपांनी वहीत लिहून ठेवलं होतं म्हणून."

तेवढ्यात खालचं दार वाजलं. आंपारोबाई झग्यावर शाल घेऊन अंगणात आल्या, वर तोंड करून म्हणाल्या, "सापडलं का ग एदुविहेस?"

तिनं कठड्यावरून वाकून पाहिलं. "बाई, मी वर आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"नवीन आहे का ते? अख्ख्या वस्तीला ठाऊक आहे!" बाई हसल्या. "माझी झोप पहाटेची. एवढी वर्षं ऐकतेय की. बुटांचा आवाज नाही, हलकी पावलं, एका रेषेत. लेओबार्दो चढला असता तर छत पडलं असतं माझ्या अंगावर! कॉफी टाकू का?"

"मग चर्चमध्ये ते काय बोललात तुम्ही?"

"अगं, मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं. आणि काय गोड बोलायचा ग तो!" बाई म्हणाल्या. "तुला काय कमी होतं त्यात? दूध घालू का साखरच फक्त?"

पस्तीस वर्षं एदुविहेस एक गुपित सांभाळत होती, जड हंडा डोक्यावर घेऊन चालावं तशी मान न हलवता. आणि तो हंडा रिकामा आहे हे बाकी सगळ्यांना दिसत होतं. फसवलं कुणीच गेलं नव्हतं. लोकांना ठाऊक होतं, आणि ठाऊक असून त्यांना त्याचं काहीच वाटलं नव्हतं. हे तिच्या ध्यानातही कधी आलं नव्हतं. नवऱ्याचा राग तिला करता आला असता. वस्तीचाही. पण पांढऱ्या टाचा बघून कूस बदलून झोपणाऱ्या त्या सात वर्षांच्या पोराचं काय करायचं?

ती उठली. अनवाणीच कठडा ओलांडून शिडीवर पाय टाकला आणि उतरली. हिल्दार्दो वरून म्हणाला, "कॉफी घेऊन ये वर." खाली येऊन तिनं शिडी दोन्ही हातांनी धरली, भिंतीपासून सोडवली आणि सावकाश अंगणात आडवी केली.

"अमा! शिडी!"

"सुरी, डबा, जाळी सगळं वरच आहे," ती म्हणाली. "ओलं सगळं काढ, हाताला कोरडं लागेपर्यंत. अकरापर्यंत वाळू दे. मग डब्यातला लेप भर, त्यावर जाळी, त्यावर परत लेप. तीनला ढग येतील, त्याच्या आत."

"मला नाही येत ते! अमा, ऊन होईल!"

"तुला सगळं माहितीय ना," एदुविहेस म्हणाली, आणि फाटकातून बाहेर पडली. बाई मागून काहीतरी म्हणत होत्या. ऐंशी वर्षांच्या बाईला शिडी उचलणार नव्हती.

घर सहा गल्ल्या लांब. रस्ता तापायला लागला होता, बूट वर राहिले होते. ती भर रस्त्यात रडली. चार माणसांनी पाहिलं, आणि प्रत्येकानं टोपी काढली. नवऱ्याची आठवण येत असणार.

हिल्दार्दोचे गडी त्याला शोधत आले तेव्हा बारा वाजून गेले होते. तोवर तो वर होता. नाक सोललेलं, तळहाताला फोड, गुडघे भाजलेले. पण भोक भरलेलं होतं. पाणी मागायला तो दोनदा ओरडला, तेव्हा बाईंनी नळी वर फेकली. तीनला ढग आले. चारला कोसळलं, मागच्यापेक्षा दुप्पट. बाई पलंगावर पाठ टेकून छताकडे बघत राहिल्या. एक थेंब आला नाही.

मायलेकांनी त्यानंतर आठवडाभर त्या सकाळचा विषय काढला नाही. ती त्याला वाढायची, तो जेवायचा. हातावरच्या फोडांना तिनं कोरफड लावून दिली. तिला आतून वाटत होतं की ऊन लागलंय पोराला, जरा डोकं ताळ्यावर आलं असेल. सहा-सात तास एकट्यानं तापल्या छपरावर बसल्यावर माणूस काहीतरी विचार करतोच. आणि तिनं मान्य केलं नाही तरी ती पुन्हा वाट बघायला लागली होती.

सान हुआनच्या सणाला मिरवणूक निघाली, प्रार्थना झाली, आणि लोक चर्चच्या पटांगणात सरबत पीत उभे राहिले. आंपारोबाईंभोवती घोळका होता. हिल्दार्दो त्यात मध्ये, आणि एदुविहेस दोन पावलांवर.

"सकाळी पाचपासून दुपारी बारापर्यंत!" बाई फादर आन्सेल्मोंना सांगत होत्या. "उन्हात, एकटा, अनवाणी पायांनी! मी माझ्या डोळ्यांनी खालून पाहत होते. आणि आता बघा, खडखडीत. मी म्हणते ना, रक्त आहे ते. हुबेहूब बाप!"

"हुबेहूब," किराणावाला म्हणाला.

फादरांनी हिल्दार्दोच्या खांद्यावर हात ठेवला. "सभागृहाचं काम तुझंच, बाळा. कुणी शिकवलं रे एवढं?"

हिल्दार्दोनं घोळक्यावरून आईकडे पाहिलं. चांगला डोळ्याला डोळा भिडवून पाहिलं. तिनं हातातला पेला घट्ट धरला. आंपारोबाईसुद्धा तिच्याकडे बघत होत्या, किराणावाला बघत होता, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर तेच समजूतदार, प्रेमळ हसू होतं.

"अपांनी," हिल्दार्दो म्हणाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एदुविहेसच्या ओठांवर सगळं आलं होतं, जोरात, भर पटांगणात सांगायचं म्हणून. पण सांगायचं कुणाला? सगळ्यांना ठाऊकच होतं.